बेस वाजवताय आणि अ‍ॅम्प घ्यायचाय? सोलापूरच्या हिशोबानं सांगतो

सोलापुरात बेस गिटार वाजवणारी पोरं आता चर्चमध्ये दिसतात, कॉलेजच्या गॅदरिंगला दिसतात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पण एखादा असतो, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, किती वॅटचा अ‍ॅम्प घेऊ? मी म्हणतो वॅट राहू दे बाजूला, आधी हे सांग तुझा आवाज लोकांपर्यंत कशातून जाणार आहे. कारण आपल्याकडं हुतात्मा स्मृती मंदिर असो, विजापूर रोडचं एखादं मंगल कार्यालय असो नाहीतर गणपतीचा मांडव, साऊंडवाला असतोच, बेसची कॉर्ड म्हणजे वायर त्याच्या मिक्सरला जाते आणि लोकांना जो बेस ऐकू येतो तो त्याच्या बॉक्समधून. तुम्ही मागं ठेवलेला 500 वॅटचा अ‍ॅम्प मग फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यायला राहतो. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी मिक्सरला जाणारा सिग्नल सुधारा, मग घरी वाजवायला छोटा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) घ्या, आणि हेड-कॅबिनेटचा (अ‍ॅम्प वेगळा, स्पीकरचा डबा वेगळा) विचार सगळ्यात शेवटी, ते पण खरंच गरज पडली तर.

सिग्नल सुधारायचा म्हणजे डीआय बॉक्स. बेसच्या पिकअपचा (तारांची थरथर पकडणारी चुंबकाची पट्टी) इंपीडन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा जास्त असतो, तो साध्या कॉर्डनं वीस-तीस फूट लांब मिक्सरच्या लाइन इनपुटला खुपसला की वरची धार मरते, आवाज दबका येतो आणि वाटेत सगळी खरखर पण गोळा होते. डीआय तो सिग्नल बॅलन्स्ड म्हणजे वाटेतली खरखर न पकडणारा करून माईकच्या केबलनं पाठवतो, मग केबल लांब असली तरी चालतं. ढोबळ नियम असा की बेस पॅसिव्ह म्हणजे बिनबॅटरीचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह म्हणजे विजेवर चालणारा डीआय, आणि बेसमध्ये बॅटरी असेल म्हणजे अ‍ॅक्टिव्ह असेल तर पॅसिव्ह डीआय पण मस्त चालतो. साऊंडवाल्याकडं असेल या भरवशावर जाऊ नका, असतो तेव्हा तो कीबोर्डला लावलेला असतो. त्यापेक्षा प्रीअ‍ॅम्प पेडल (पायाशी ठेवायची टोनची डबी) ज्यात एक्सएलआर आउट म्हणजे माईकच्या केबलची जागा आहे ते घेतलं तर डीआय आणि टोन दोन्ही एका डबीत येतं, टेक ट्वेंटीवनचं सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हर यातलं जुनंजाणतं नाव आहे, डार्कग्लास कंपनीची पण आहेत पण ती महाग.

डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते कशाला हे माहीत पाहिजे. स्टेजवर घूंऽऽ असा आवाज येत असेल तर बऱ्याचदा तुमचा अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असतो, दोन अर्थिंगमध्ये फेरा तयार होतो, बटण दाबलं की तो तुटतो. हा हम इक्वलायझरनं कापायला जाऊ नका, कारण आपली लाइट 50 हर्ट्झची आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी 49 हर्ट्झचा, हम कापला की तो जी पण गेला. आणि ती अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकायची कला आपल्याकडं फार फेमस आहे, ती कृपा करून करू नका, जनरेटरवर चालणारा ओला मांडव आणि हातात लोखंडी तारांचं वाद्य, त्यात माईकला ओठ लागला की काय होतं ते ऑर्केस्ट्रावाल्यांना विचारा.

साऊंडवाल्याशी बोलताना अजून एक, त्याचे बॉक्स डीजेच्या हिशोबानं लावलेले असतात, खालचं सगळं वर चढवलेलं. त्यातून बेस गिटार गेली की सूर कळतच नाही, नुसता धडधडाट. गोडीत सांगायचं, दादा बेसच्या चॅनलचं लो जरा खाली घ्या आणि मिड थोडं वर द्या. बाकी सगळं सपाट ठेवायला लावा आणि लो-कट (त्याखालचा आवाज कापणारं बटण) 30-40 हर्ट्झच्या आसपास असेल तर टाकायला सांगा.

आता घरचा अ‍ॅम्प. गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस वाजवू का असं विचारणारे खूप असतात, हळू आवाजात वाजवलं तर काही बिघडत नाही, पण आवाज चढवला की त्याचा पातळ कोन एवढी ये-जा करायला बनलेलाच नसतो, फडफडायला लागतो आणि एक दिवस फाटतो. उलटं मात्र चालतं, बेसच्या अ‍ॅम्पवर गिटार खुशाल वाजवा. गंमत म्हणजे फेंडरनं 1952 साली बासमन नावाचा अ‍ॅम्प काढला तो बेसवाल्यांसाठी, आणि पुढं तो डोक्यावर घेतला गिटारवाल्यांनी. घरात कीबोर्डचा अ‍ॅम्प पडलेला असेल तर तो वापरा, तो खालचे सूर बऱ्यापैकी सोसतो.

नवीन घेणार असाल तर दोन गोष्टी बघा, हेडफोनची जागा आणि मागं एक्सएलआर लाइन आउट. जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालचे सूर भिंतीतून शेजाऱ्याकडं थेट पोचतात, पूर्व भागात मागच्या घरात माग चालू असेल तर तो तुमचा आवाज खाऊन टाकतो, दोन्हीकडं हेडफोन कामाला येतो. फेंडर रंबल 40 मध्ये 10 इंची स्पीकर आहे, वजन आठ किलोच्या आसपास, मागं एक्सएलआर आहे, म्हणजे घरी पण चालतो आणि छोट्या कार्यक्रमात मागं ठेवून मिक्सरला पण देता येतो. त्याचा धाकटा 25 वाला 8 इंची, त्याला एक्सएलआर नाही, फक्त घरी वाजवणार असाल तर तोही बास झाला. बाकी कंपन्यांचे पण त्याच तोलाचे येतात, या दोन गोष्टी असल्या की नाव कुठलं का असेना.

आणि हो, घरी हळू आवाजात सेट केलेला टोन स्टेजवर तसाच ठेवू नका. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून आपण घरी बेस चढवतो, मिड पाडतो, एकटं वाजवताना ते भारी पण वाटतं. स्टेजवर ड्रम आणि दोन कीबोर्ड सुरू झाले की तो टोन गायब. बँडमध्ये बेस ऐकू येतो तो मिडमधून, 700-800 हर्ट्झच्या आसपास थोडं दिलं की बोटांचा आवाज पुढं येतो, आणि 200-300 च्या आसपास जास्त असलं की चिखल होतो.

मोठा सेट कुणाला लागतो? ज्यांचा स्वतःचा बँड आहे, जे ड्रमरबरोबर खोलीत जोरात प्रॅक्टिस करतात, किंवा अशा ठिकाणी वाजवतात जिथं साऊंडवाला फक्त गायकापुरता असतो. त्यांच्यासाठी पुढचं जरा नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. मग 300 चा सोडून 500 चा घेतल्यानं काय फरक पडणार, जवळपास काही नाही. फरक कॅबिनेट पाडतं. प्रत्येक कॅबिनेटची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे 1 वॅटवर ते किती आवाज देतं, कागदावर दिलेली असते, 94 डेसिबलवाल्याला 400 वॅट देऊन जेवढा आवाज येतो तेवढा 100 डेसिबलवाल्याला 100 वॅटमध्ये येतो. म्हणून बजेट मर्यादित असेल तर हेड साधं घ्या आणि कॅबिनेट चांगलं घ्या. बेसला गिटारपेक्षा जास्त ताकद लागते हे खरं, ड्रमरसमोर टिकायचं तर चांगल्या कॅबिनेटवर 200-300 वॅट धरा, ड्रमर आदळआपट करणारा असेल तर वर जा.

स्पीकरचा इंच बघून टोन सांगणारे भेटतील, 10 इंची म्हणजे कडक, 15 इंची म्हणजे गोल. थोडं खरं आहे, पण डब्याची बनावट जास्त बोलते. अँपेगचं ते प्रसिद्ध 8 बाय 10 म्हणजे 10 इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट घ्या, 1969 मध्ये 300 वॅटच्या ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हच्या) हेडबरोबर आलं, सगळे 10 इंची आणि डबा बंद, तरी आवाज असा की छातीत बसतो. बंद डब्यात खालच्या सुरांचा जोर हळूहळू कमी होत जातो, भोकवाला म्हणजे पोर्टेड डबा खालपर्यंत जोरात जातो पण पोर्टच्या फ्रिक्वेन्सीखाली कोनवरचा ताबा सुटतो. चार तारी बेसचा सगळ्यात खालचा ई 41 हर्ट्झचा, पाच तारीचा बी 31 हर्ट्झचा, बहुतेक कॅबिनेट तिथं पोचायच्या आधीच दमतात, आपल्याला ऐकू येतात ते वरचे हार्मोनिक, म्हणजे त्याच सुरातले वरचे उपसूर. त्यामुळं पाच तारी आहे म्हणून 15 इंचीच पाहिजे असं काही नाही. एक 2 बाय 10 किंवा एक चांगलं 1 बाय 12 रिक्षात बसतं, मी तर हेच आधी बघतो. त्या जुन्या ट्यूब हेडचं वजन 35 किलोच्या वर आणि कॅबिनेट त्याहून जड, तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार बे? आत्ताची क्लास डी हेड दोन-तीन किलोत 500 वॅट देतात, पाठीवरच्या सॅकमध्ये जातात.

ओहमचा म्हणजे कॅबिनेटच्या अडथळ्याचा हिशोब चुकला तर हेड जळतं, म्हणून लक्ष द्या. 8 ओहमची दोन कॅबिनेट एकदम लावली की भार 4 ओहम होतो. एक 8 आणि एक 4 लावलं की 2.67. हेडच्या मागं लिहिलेलं असतं कमीत कमी किती चालतं, बहुतेकांवर 4, त्याखाली जायचं नाही. आणि 500 वॅट लिहिलंय ते सहसा 4 ओहमला, एकच 8 ओहमचं कॅबिनेट लावलं तर निम्मे किंवा थोडे जास्त मिळतील. यातून शहाणपणाची खरेदी अशी की पहिलं कॅबिनेट 8 ओहमचंच घ्या, पुढं पैसे आले की तसंच दुसरं जोडता येतं. ट्यूब हेड असेल तर कॅबिनेट न जोडता कधीच वाजवायचं नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जातो. आणि हेड ते कॅबिनेट स्पीकर केबलच लागते, स्पीकॉनवाली (फिरवून लॉक होणाऱ्या पिनची) असेल तर उत्तम, गिटारची कॉर्ड दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते, गरम होते.

सोलापूरचा उन्हाळा माहीत आहेच, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हेड तापून स्वतःच बंद पडतं. मागची हवेची जागा मोकळी ठेवा. प्रवासात सोलापुरी चादरीत गुंडाळा, त्यासारखं कव्हर नाही, पण चालू असताना वर टाकू नका. बाहेरून कुणाकडून मागवलेला अ‍ॅम्प असेल तर तो 230 व्होल्टचा आहे ना ते आधी बघा, अमेरिकेतला 120 चा असतो, इथं लावला की धूर.

पेडलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण बेसवाल्याला गिटारवाल्याइतकी लागतच नाहीत. ट्यूनर पहिला, त्यावर वाद नाही. मग प्रीअ‍ॅम्प-डीआय, वर सांगितलंच. मग कॉम्प्रेसर, तो हळू आणि जोरातला फरक कमी करतो, स्लॅप (अंगठ्यानं ठोकून) आणि बोट दोन्ही वाजवणाऱ्याला उपयोगी, पण जास्त दाबलं तर वाजवण्यातला जीव जातो, थोडंच ठेवा. ड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल) घेणार असाल तर ब्लेंडचा नॉब असलेलाच घ्या, गिटारचा ड्राइव्ह लावला की खालचे सूर पळून जातात, ब्लेंडनं मूळ आवाज खाली तसाच राहतो आणि वर कचकच मिसळते. ऑक्टेव्ह (एक सप्तक वरचा-खालचा सूर जोडणारा), कोरस (आवाज दाट करणारा) हे शौक, एखाद्या गाण्यापुरते.

लावायचा क्रम म्हणजे ट्यूनर, ऑक्टेव्ह, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, कोरस, शेवटी प्रीअ‍ॅम्प. ऑक्टेव्हला स्वच्छ एकेक सूर लागतो म्हणून तो पुढं, ऑटो-वा (आपोआप वा-वा करणारं पेडल) असेल तर तो पण कॉम्प्रेसरच्या आधी, कारण तो तुमच्या बोटाच्या जोरावर उघडतो. हे दगडावरची रेघ नाही, कान सांगेल तसं हलवा.

अजून काहीच घेतलं नसेल आणि सगळं थोडं थोडं बघायचं असेल तर झूमचं बी वन फोरसारखं मल्टी (एकाच डबीत अनेक पेडल) घ्या, चार पेन्सिल सेलवर चालतं, लाइट गेली तरी हेडफोन लावून बसता येतं, आत ट्यूनर, ताल, लूपर (वाजवलेलं परत परत ऐकवणारा) सगळं आहे. त्याला एक्सएलआर नाही, स्टेजवर डीआय वेगळा लागेल.

अडॅप्टर घेताना घाई करू नका. पेडलला बहुतेक 9 व्होल्ट डीसी आणि मधली पिन निगेटिव्ह लागते, बाजारात मिळणाऱ्या साध्या अडॅप्टरची मधली पिन बऱ्याचदा पॉझिटिव्ह असते, उलटं लावलं की पेडल जाऊ शकतं. साध्या पेडलला काही मिलीअँपियर पुरतात, डिजिटलवाल्यांना 200 ते 500 लागतात, एकाच वायरवर सगळी लटकवली तर कुईं असा आवाज येतो तो तिथूनच.

बघून घ्यायचं असेल तर पुणे-मुंबई गाठावी लागते. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस किंवा वंदे भारत पकडा आणि स्वतःचा बेस बरोबर घ्या, दुकानातल्या भारी बेसवर कुठलाही अ‍ॅम्प भारीच वाटतो. सगळे नॉब मध्ये ठेवा, जाड तारेवर खालचे सूर जोरात आणि लांब वाजवा, डब्यात कुठं खुळखुळ होते का ऐका. सेकंड हँड असेल तर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग परत वाजवा, काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. सगळे नॉब फिरवून खरखर बघा, पिनची जागा हलवून बघा, आणि जाळीतून मोबाईलचा टॉर्च मारून कोन चिकटवलेला तर नाही ना ते बघून मगच भाव करायला बसा.