मेलेला रिचार्जेबल सेल घरच्या घरी पुन्हा कसा चालू करावा

चार्जरमध्ये टाकताच लाल दिवा लुकलुकला, की सेल मेला असे समजून लोक तो फेकून देतात. पुष्कळदा सेल शाबूत असतो. व्होल्टेज फार खाली गेल्यामुळे चार्जर त्याला नाकारतो, एवढेच. असा सेल जागा करता येतो.

पुढची कृती फक्त निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे १.२ व्होल्ट छापलेल्या एए आणि एएए सेलसाठी आहे. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँकेतल्या लिथियम सेलवर हे प्रयोग मुळीच करू नका. लिथियम सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. चार्ज करताना ते तांबे भलतीकडे जमते, आतल्या आत शॉर्ट होतो आणि आग लागू शकते.

सेल फ्रीझरमध्ये ठेवून काहीही जिवंत होत नाही. कारच्या बॅटरीचा झटका देण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलमधून आलाय. तिथे आत वाढलेले धातूचे तंतू त्याने जळायचे, पण दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा, त्या तंतूंनी फाटलेला पडदा काही सांधला जायचा नाही. शिवाय सेल फुटला तर आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड डोळ्यांत उडते.

आधी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचे यंत्र, लावा. फुगलेला, टोकाशी पांढरी पूड आलेला किंवा उणे व्होल्टेज दाखवणारा सेल बाद. ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यानचा सेल घ्या.

आता जागे करणे. बहुतेकांचे चुकते ते इथेच. पूर्ण भरलेला एक चांगला सेल घ्या आणि दोघांचे प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडा. मात्र प्लसच्या वायरमध्ये १ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा छोटा भाग, हवाच. नुसत्या वायरीने जोडा असे सर्रास सांगितले जाते; ते ऐकू नका. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेल स्वतः करंटला करतो तो विरोध, ओहमच्या काही शतांश असतो, त्यामुळे सुरुवातीलाच कित्येक अँपिअर धावू शकतात. रेझिस्टर असला की ०.३ व्होल्टच्या सेलमध्ये सुरुवातीला साधारण १ अँपिअर जातो आणि व्होल्टेज चढेल तसा तो आपोआप उतरतो.

दोन सेलचा तयार होल्डर वापरू नका. त्यात सेल एकामागे एक जोडलेले असतात, इथे ते शेजारी-शेजारी हवेत. एकेका सेलचे दोन होल्डर घ्या.

१० मिनिटे पुरेत. तोवर समोरून उठू नका, बोट लावून पाहत राहा. कोमटपेक्षा जास्त तापला तर लगेच सोडवा. मग ५ मिनिटे नुसता ठेवून व्होल्टेज मोजा. १.१ च्या आसपास टिकला तर जमले. पुन्हा अर्ध्या व्होल्टवर घसरला तर आत शॉर्ट असू शकतो. एकदा आणखी करून पाहा, नाहीतर सोडून द्या.

लगेच जलद चार्जरमध्ये टाकू नका. अशा सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, व्होल्टेज भराभर चढते आणि चार्जर थोड्याच वेळात हिरवा दिवा दाखवतो. सेल रिकामाच असतो. क्षमतेच्या एक दशांश करंटने १६ तास चार्ज करा: २००० मिलीअँपिअर-तासांच्या सेलला २०० मिलीअँपिअर. एवढ्या कमी करंटला सेल भरल्याची खूण चार्जरला ओळखू येत नाही, म्हणून वेळ झाली की हाताने काढा.

मग सेलच्या दोन टोकांना ४.७ ओहम, १ वॅटचा रेझिस्टर जोडून तो १ व्होल्टपर्यंत उतरवा आणि पुन्हा तसाच सावकाश भरा. असे तीनदा. हे काम दोन सेलच्या टॉर्चवर सोपवू नका, त्यात कमजोर सेल उलटा चार्ज होतो. आणि रेझिस्टर लावून झोपी जाऊ नका, सकाळी सेल पुन्हा शून्यावर असेल.

शेवटचे चार्जिंग झाल्यावर सेल २४ तास बाजूला ठेवा. १.३ च्या वर राहिला तर ठीक, १.२ च्या खाली गेला तर ई-कचऱ्यात. उतरवताना लागलेला वेळही बघा: ४.७ ओहमवर पाव अँपिअर जातो, म्हणजे ४ तास टिकलेल्या सेलमध्ये जेमतेम १००० मिलीअँपिअर-तास उरलेत. तो भिंतीवरच्या घड्याळाला चालेल, कॅमेऱ्याच्या फ्लॅशला नाही. सेलवर मार्करने ही क्षमता लिहून ठेवा आणि नव्या सेलच्या जोडीला तो कधीच घालू नका.