आधुनिक जपानचा इतिहास कसा वाचावा: शोगुनशाहीपासून युद्धोत्तर काळापर्यंत

जपानच्या आधुनिक इतिहासाची बहुतेक मांडणी १८६८ आणि १९४५ या दोन सालांशी येऊन तुटते. वाचकाच्या मनात त्यामुळे सामुराईंचा, साम्राज्याचा आणि कारखान्यांचा असे तीन निरनिराळे देश तयार होतात. हे टाळायचे असेल तर दोन्ही सालांच्या अलीकडे-पलीकडे टिकणारा एकच प्रश्न हाती घ्यावा आणि तो अखेरपर्यंत सोडू नये. माझ्या मते यासाठी सर्वांत उपयोगी प्रश्न जमिनीचा आहे: शेतात पिकणाऱ्या तांदळातील वाटा कोण घेतो आणि त्या बळावर राज्यकारभारात कोणाचा शब्द चालतो? राजवाडा, सैन्य आणि संसद यांचा इतिहास या प्रश्नाच्या ओघात आपोआप येतो.

वाचनाला बसण्यापूर्वी कालगणनेचा गुंता सोडवून घ्यावा. जपानने १ जानेवारी १८७३ रोजी ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, त्यापूर्वीच्या तारखा चांद्रसौर पंचांगाच्या आहेत. सम्राटाच्या राजवटीची पुनःस्थापना जाहीर झाली ती केइओ युगाच्या तिसऱ्या वर्षातील बाराव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, म्हणजे ३ जानेवारी १८६८ रोजी. तिसऱ्या केइओ वर्षाचा बहुतेक भाग १८६७ मध्ये पडत असल्याने काही ठिकाणी ही घटना १८६७ ची म्हणून नोंदलेली सापडते. जपानी वर्षे चालू युगाच्या आरंभापासून मोजली जातात आणि १८६८ नंतरची युगे सम्राटांच्या कारकिर्दींची आहेत; युगाचे वर्ष इसवी सनात आणण्यासाठी मेइजी वर्षात १८६७, ताइशो वर्षात १९११ आणि शोवा वर्षात १९२५ मिळवावेत. एवढे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवले की पुढे अडचण येत नाही.

तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची, म्हणजे सम्राटाच्या नावाने सत्ता चालवणाऱ्या लष्करी शासकांची, राजवट (१६०३ ते १८६७) वाचताना तलवारींपेक्षा हिशेबाकडे लक्ष द्यावे. सरंजामदाराची, म्हणजे दाइम्योची, प्रतिष्ठा कोकु या मापात मोजली जाई. एक कोकु म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, आणि किमान दहा हजार कोकु उत्पन्नाचा मुलूख असणाराच दाइम्यो ठरे. १६३५ पासून दाइम्योंना ठरावीक काळ शोगुनाच्या एदो (आजचे टोकियो) येथे राहण्याची सक्ती झाली. बायकामुले तर कायमची तेथेच राहत, आणि दोन ठिकाणचा संसार व लवाजम्यासह होणारा प्रवास यांत उत्पन्नाचा मोठा हिस्सा खर्ची पडे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बहुसंख्य सामुराई जमीन सोडून किल्ल्याभोवतीच्या नगरांत राहत आणि धन्याकडून तांदळाच्या रूपात वेतन घेत. ज्याच्या हाती जमीन नाही, केवळ वेतन आहे, त्याचे वर्चस्व एका हुकमाने संपवता येते. १८६८ नंतरच्या मेइजी सरकारने पुढे जे केले ते समजण्याची किल्ली येथे आहे.

१८५३ मध्ये अमेरिकन नौदल अधिकारी पेरीची जहाजे एदोजवळच्या उरागापाशी आली, या प्रसंगावर फार रेंगाळू नये. पाश्चात्त्य देशांशी झालेल्या १८५८ च्या करारांची कलमे मात्र बारकाईने पाहावीत. परकीयांवर त्यांच्याच वकिलातींत खटले चालणार आणि आयातकर जपानला स्वतःच्या मर्जीने ठरवता येणार नाही, या दोन अटींनी पुढच्या अर्धशतकाचे राजकारण घडवले. पहिली अट १८९९ मध्ये सुटली, दुसरी पूर्णपणे १९११ मध्ये. नवे कायदे, न्यायालये आणि राज्यघटना एवढ्या घाईने का उभारली गेली, याचे एक मोठे कारण या तारखांत सापडते.

१८६९ ते १८७७ ही वर्षे सर्वांत सावकाश वाचावीत. १८६९ मध्ये दाइम्योंनी आपले मुलूख सम्राटाला परत केले आणि १८७१ मध्ये ते मुलूखच रद्द होऊन त्यांच्या जागी प्रांत आले. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आणि नवा जमीन महसूल लागू झाला, तर १८७६ मध्ये सामुराईंचे वेतन सरकारी रोख्यांत बदलले गेले आणि त्यांचा तलवार बाळगण्याचा हक्कही गेला. १८७७ चे सात्सुमा या नैऋत्येकडील मुलखातील सामुराईंचे बंड या क्रमाच्या शेवटी ठेवून पाहिले, तरच सरकारची उभारणी करणाऱ्या साइगो ताकामोरीनेच त्याच्याविरुद्ध बंडाचे नेतृत्व का केले ते कळते.

नवा महसूल जमिनीच्या ठरवलेल्या किमतीच्या ३ टक्के होता आणि तो रोख भरायचा होता. शेतकऱ्यांचे उठाव झाल्यावर १८७७ मध्ये तो अडीच टक्क्यांवर आणला गेला. तरीही पीक येवो न येवो, भाव चढो वा उतरो, रक्कम तीच राहिली. १८८० च्या दशकात अर्थमंत्री मात्सुकाता मासायोशी याने चलन आटवले, तांदळाचे व रेशमाचे भाव कोसळले आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या. १८८४ चा चिचिबू येथील शेतकऱ्यांचा उठाव याच काळातला. १८९० च्या पहिल्या निवडणुकीत मताचा हक्क वर्षाला किमान १५ येन थेट कर भरणाऱ्या, पंचविशी पूर्ण केलेल्या पुरुषांनाच होता, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्क्याला. थेट कर म्हणजे मुख्यतः जमीन महसूल, त्यामुळे पहिले प्रतिनिधिगृह जमीनदारांनी भरले यात नवल नाही.

यानंतर १८८९ ची आणि १९४७ ची अशा दोन्ही राज्यघटना समोरासमोर ठेवून वाचाव्यात. पहिलीत ७६ कलमे आहेत आणि दुसरीत १०३, तेव्हा दोन बैठकांत हे काम उरकते. पहिलीच्या अकराव्या कलमाने सेनादलांचे आधिपत्य थेट सम्राटाकडे दिले आणि पंतप्रधानाचा उल्लेखही तिच्यात नाही. मात्र केवळ कलमांवर थांबणे फसवे ठरेल. सैन्याची खरी पकड एका साध्या नियमातून आली: लष्करमंत्री आणि नौदलमंत्री सेवेत असलेले वरिष्ठ अधिकारीच असावेत, असे १९०० मध्ये ठरवण्यात आले. १९१२ मध्ये सैन्याला दोन नव्या डिव्हिजन नाकारल्या गेल्या, लष्करमंत्र्याने राजीनामा दिला, सैन्याने त्याच्या जागी दुसरा दिला नाही आणि पंतप्रधान साइओन्जीचे मंत्रिमंडळ कोसळले. १९१३ मध्ये शिथिल झालेला हा नियम १९३६ मध्ये परत आला. तीसच्या दशकातील प्रत्येक मंत्रिमंडळाबाबत ‘लष्करमंत्री कोण आणि तो कोणाच्या संमतीने आला’ हे आधी विचारावे.

ताइशो काळाकडे (१९१२ ते १९२६) फार कौतुकाने पाहू नये. १९१८ मध्ये तोयामाच्या किनाऱ्यावरील कोळी स्त्रियांनी तांदळाच्या भाववाढीविरुद्ध सुरू केलेला निषेध देशभर पसरला, सरकार पडले आणि हारा ताकाशी पंतप्रधान झाला. पण भाव आवरण्यासाठी पुढे कोरिया आणि तैवान या वसाहतींतून तांदूळ मोठ्या प्रमाणावर आणला गेला, त्याने जपानी शेतकऱ्याचा भाव पडला आणि कोरियन शेतकऱ्याच्या ताटातला तांदूळ कमी झाला. वसाहतींचा इतिहास शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवता येत नाही, तो असा मुख्य कथेतच गुंतलेला आहे. त्याचप्रमाणे १९२५ चा सर्व प्रौढ पुरुषांना मत देणारा कायदा त्याच वर्षीच्या शांतता संरक्षण कायद्यासोबतच वाचावा, कारण एकाने मतदार वाढवले आणि दुसऱ्याने डाव्या चळवळींना तुरुंगाची वाट दाखवली.

युद्धोत्तर सुधारणा वाचताना ‘अमेरिकेने दिले’ हे वाक्य जपून वापरावे. १९४६ च्या कायद्याने गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांची कुळांकडे असलेली सर्व जमीन, आणि गावात राहणाऱ्यांची साधारण एक हेक्टरच्या पलीकडची, सरकारने विकत घेऊन कुळांना विकली. कुळांकडील शेतीचे प्रमाण जवळपास ४६ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आले. पण कसणाऱ्याला तांदळाचा चढा दर आणि जमीनदाराला उतरता, हे धोरण सरकारने युद्धकाळातच सुरू केले होते, त्यामुळे जमीनदार आधीच खिळखिळा झाला होता. किंमत ठरल्यावर महागाई इतकी भडकली की जमिनीचे पैसे फेडणे कुळांना अगदी हलके गेले. मात्सुकाताच्या काळात ठरीव रकमेने शेतकऱ्याची जमीन घालवली होती, आता ठरीव रकमेनेच ती त्याला मिळवून दिली. फरक भावांच्या दिशेचा होता.

स्त्रियांच्या स्थितीसाठी १८९८ चा कौटुंबिक कायदा आणि नव्या घटनेचे चोविसावे कलम यांची तुलना पुरेशी आहे. जुन्या कायद्यात कुटुंबप्रमुखाची सत्ता सर्वांवर चाले, नव्या कलमात विवाह केवळ दोघांच्या संमतीवर टिकतो. १० एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या.

अभ्यास कोठे थांबवावा हा प्रश्न उरतो. १९५२ मध्ये युद्धोत्तर अमेरिकन ताबा संपला म्हणून तेथेच पुस्तक मिटले, तर किशी नोबुसुके सुटून जातो. १९४१ मध्ये युद्धकालीन पंतप्रधान तोजोच्या मंत्रिमंडळात असलेला, युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून तुरुंगात राहून १९४८ मध्ये खटल्याविना सुटलेला हा माणूस १९५७ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९६० मध्ये अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्धच्या प्रचंड आंदोलनानंतर पायउतार झाला. म्हणून निदान १९६० पर्यंत जावे. ओकिनावाचा विचार करणाऱ्याने मात्र १५ मे १९७२ पर्यंत वाचत राहावे, कारण तेथील अमेरिकन प्रशासन त्या दिवशी संपले, आणि लष्करी तळ त्यानंतरही राहिले.