जुळी बाळं: तारीख ठरवण्याआधी जुना रिपोर्ट काढा

जुळ्यांचं पोट घेऊन आठव्या महिन्यात कूस बदलणंही जिवावर येतं. ‘आता एकदाचं मोकळं करा’ असं वाटणारच. तरी आधी तिसऱ्या महिन्यातला सोनोग्राफी रिपोर्ट काढा. त्यात ‘डायकोरिऑनिक’ असेल, म्हणजे प्रत्येक बाळाची वार (प्लासेंटा) वेगळी. सगळं सुरळीत असेल तर साधारण ३७-३८ आठवडे थांबतात. ‘मोनोकोरिऑनिक’ म्हणजे वार एकच; तेव्हा ३६च्या आसपास, आणि पाण्याची पिशवीही एकच असेल तर ३२ ते ३४. तुमचा आठवडा डॉक्टरांनाच ठरवू द्या. मुहूर्तासाठी मात्र तो अलीकडे ओढू नका, कृपा करा. कुशीवर झोपा, पोटाखाली छोटी उशी घ्या. तळहात-तळपायांना खाज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळांची हालचाल मंदावली, तर मध्यरात्रीही दवाखाना गाठा.