बाथटबला नवा थर देताय? या चुका टाळा

टबाची चकाकी गेली, तळ खरबरीत झाला, की पहिला हात रंगाच्या डब्याकडे जातो. त्याआधी टबात उभं राहून तळ दाबून पाहायला कुणाला सवड नसते. नव्या थराने वरचं रूप सुधारतं, आतला कमकुवतपणा नाही. फायबर किंवा ॲक्रिलिकचा टब पायाखाली दबत असेल तर खालचा आधार गेलेला आहे आणि नव्या थराला भेगा पडणारच. लोखंडी टबाला ड्रेनपाशी गंजून आरपार भोक पडलं असेल तर तिथे पुट्टी थोपू नका. हे दोन्ही टब बदलायचेच. मात्र ओतीव लोखंडाचा टब नुसता निस्तेज झाला असेल, एखाददुसरा टवका उडाला असेल, तर तो फोडून काढणं चूक आहे. टब कशाचा आहे हे कळत नसेल तर लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड किंवा पोलाद आहे.

सगळ्यात जास्त टब वाया जातात ते साफसफाईत घाई केल्याने. काही आठवड्यांतच पोपडे सुटलेल्या टबाचा एक पोपडा उलटा करून पाहा. मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत दिसली, तर थराने जुना पृष्ठभाग पकडलाच नव्हता. लोक दोष रंगाला देतात, पण खरं कारण साबणाचा तेलकट पापुद्रा आणि कडेच्या फटीत भरलेलं जुनं सिलिकॉन. सिलिकॉन आधी ब्लेडने पूर्ण खरवडून काढा, मगच पॉलिश पेपर हातात घ्या. उलट केलंत तर ते सगळीकडे पसरतं आणि नव्या थरात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. ड्रेनची आणि ओव्हरफ्लोची, म्हणजे जादा पाणी वाहून नेणाऱ्या वरच्या भोकाची, झाकणंही काढा. त्यांच्याभोवतीने रंग मारणं ही आळशी वाट आहे आणि पोपडे तिथूनच सुटायला लागतात. मग टब घासा, धुवा, पुन्हा घासा. पाणी ओतल्यावर थेंब न होता ते सलग पसरलं, की टब स्वच्छ झाला असं समजा. त्यानंतर 400 नंबरचा पेपर पाण्यासोबत, कुठेही चमक उरणार नाही इतका फिरवा. जुन्या इनॅमलमध्ये, म्हणजे लोखंडी टबावरच्या काचेसारख्या लेपात, शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका.

नळ ठिबकत असेल तर आधी तो दुरुस्त करा. ओल्या थरावर पडलेला एक थेंबही डाग ठेवून जातो.

जुना थर उतरवायला मिथिलीन क्लोराइडचा स्ट्रिपर वापरणं ही तर जीवघेणी चूक आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टबातच साचते, आणि वाकून काम करणारा नेमकी तीच श्वासात घेतो. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात टबाचं असं काम करताना किमान 13 कामगार दगावले. बंद बाथरूममध्ये साधा मास्क लावून हे काम होत नाही. अशा स्ट्रिपरला हातच लावू नका. दोन घटक मिसळून वापरायच्या युरेथेन रंगातल्या आयसोसायनेट या रसायनानेही दमा जडू शकतो, त्यामुळे फवारणी योग्य श्वसन-साधनं असलेल्या कारागिरावरच सोडा.

रंग घट्ट व्हावा म्हणून त्यात मिसळायचा हार्डनर अंदाजाने घालू नका, मोजून घाला. एक जाड कोट ओघळतो, दोन-तीन पातळ द्या. हाताला कोरडा लागला म्हणून थर वाळला असं नसतं. डब्यावर दिलेला वेळ, बहुधा 24 ते 72 तास, पूर्ण जाऊ द्या. सक्शनचे कप असलेली मॅट कायमची काढून टाका, कारण ती उचलताना थरही ओढते. घासण्याची पावडरही नको, भांड्यांचा पातळ साबण पुरतो.

टब बदलायचाच ठरला तर ड्रेन डाव्या टोकाला आहे की उजव्या, हे खरेदीआधीच पाहून ठेवा. ॲक्रिलिकचा टब नुसत्या पायांवर उभा करू नका. कंपनीच्या सूचनेत मनाई नसेल तर तळाखाली मॉर्टरची (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाची) गादी द्या. कडेला सिलिकॉन भरताना टब पाण्याने भरलेला असू द्या आणि सिलिकॉन सुकेपर्यंत ते पाणी काढू नका. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावलं, तर पहिल्याच आंघोळीला वजनाने टब खाली बसतो आणि सांधा उघडतो.