जर्मनीच्या खेड्यांतली नवलाई टिपताना या चुका टाळा

जर्मनीतल्या आपल्या मंडळींच्या सुट्टीच्या भटकंतीत हमखास काहीतरी अजब दिसतं. कुठे कललेला मनोरा, कुठे भिंतभर रंगवलेली परीकथा, कुठे छपरावर करकोच्याचं घरटं. फोटो भरपूर निघतात, पण घरी येऊन पाहावं तर त्यांत नवल करावं असं काहीच नसतं. ज्यामुळे आपण थबकलो, नेमकं तेच चौकटीबाहेर राहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो वायव्य जर्मनीतल्या ऑस्टफ्रीसलँड भागातल्या सुरहूझेन गावच्या चर्चचा मनोरा. उंची 27 मीटर, कल 5 अंशांहून जास्त, म्हणजे पिसालाही मागे टाकणारा. 2007 साली गिनीजने त्याची नोंद घेतली. पाया दलदलीत टाकलेल्या ओकच्या ओंडक्यांचा. ते ओले होते तोवर टिकले. एकोणिसाव्या शतकात जमिनीतल्या पाण्याचा निचरा केला, ओंडके कुजले आणि मनोरा कलला. लोक पायथ्याशी उभे राहतात आणि फोन मागे झुकवून फोटो काढतात. अशाने सरळ इमारतसुद्धा मागे पडल्यासारखी दिसते, मग खरा कल कळणार कसा? त्यात एडिटिंगमधलं ‘ऑटो’ दाबलं की ॲप मनोऱ्याला सरळ करायला जातं आणि शेजारचं बिचारं चर्च तिरकं होतं! म्हणून लांब जा, कॅमेऱ्यातली ग्रिड (पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करा, फोन अजिबात न झुकवता धरा. कल आपल्या दिशेने न येता बाजूला दिसेल अशी जागा शोधा आणि चर्चच्या भिंतीची उभी कड चौकटीत येऊ द्या. नुसता मनोरा क्रॉप केला तर तुलनेला काहीच उरत नाही.

बव्हेरियातल्या मायबाउमचं दुखणं वेगळं. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या या उंच खांबावर बेकर, लोहार, खाटीक अशा व्यवसायांची चिन्हं असतात, आणि उजळ आकाशापुढे ती काळी ठिक्कर येतात. चिन्हावर बोट टेकवा, एक्स्पोजर वाढवा. आकाश पांढरं पडलं तर पडू दे. घरट्यातल्या करकोच्यालाही हाच उपाय. (ब्रांडेनबुर्गमधलं र्‍यूश्टेट करकोच्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण सप्टेंबरात गेलात तर रिकामी घरटीच दिसतील.) मायबाउमची खरी गंमत मात्र 1 मेला तो गावात उभा करण्याच्या आधी असते. शेजारच्या गावाने खांब पळवू नये म्हणून रात्री पहारा ठेवतात, आणि पळवलाच तर बिअर-जेवण देऊन सोडवून आणतात. मला विचाराल तर उभ्या खांबापेक्षा तो पहाराच टिपावा.

बव्हेरियातल्याच ओबरअमरगाउ गावच्या चित्रांकित घरांपाशी उन्हाळ्याच्या भर दुपारी जाऊ नका. छपराच्या रुंद वळचणीची सावली थेट चित्रांवर पडते. ढगाळ दिवस उत्तम. हिवाळ्यात मात्र ‘दुपारी फोटो नको’ हा आपल्याकडचा नियम सोडून द्या. डिसेंबरात मुंबईत माध्यान्हीचा सूर्य साधारण 47 अंशांवर असतो, बर्लिनमध्ये जेमतेम 14. दुपारीही ऊन तिरपंच, आणि चारच्या आत सूर्यास्त.

रस्त्याकडेला कायमस्वरूपी असलेलं शिल्प किंवा भित्तिचित्र रस्त्यावरूनच टिपलं तर कायद्याची आडकाठी नसते. ड्रोनने काढलेल्या फोटोंना ही सवलत नाही, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2024 मध्ये दिला. माणसांचे चेहरे इंटरनेटवर टाकण्याआधी त्यांना विचारा. पिवळ्या रेपसीडच्या शेतात शिरून फोटो काढायची हौसही आवरा. पीक उभं असताना वाट सोडून शेतात जायला बव्हेरियात बंदी आहे. शिकाऱ्यांच्या मचाणावर तर चढूच नका.

आणि गावात उतरल्याबरोबर पहिला फोटो बस थांब्यावरच्या वेळापत्रकाचा काढा. शनिवार-रविवारी कितीतरी खेड्यांत बस आधी फोन करून मागवावी लागते, आणि तो नंबर त्याच पाटीवर असतो.