सिलिंडरवरून पाइप गॅसवर येताना

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने गळला की जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस वजनाने हवेच्या ०.६ पट, म्हणून तो छताकडे जातो. त्यामुळे खालची जाळी उघडी आहे एवढ्यावर भागत नाही; ओट्याच्या वर, छताजवळ कायम उघडा राहणारा झरोका हवा. सजावटीच्या नादात तो बंद करून तिथे कपाट बसवलेलं अनेक घरांत दिसतं. तसंच मीटर आणि व्हॉल्व्ह लॉफ्टमध्ये किंवा बंद कपाटात कोंडू नका.

हा गॅस येतो कुठून? १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा गॅस समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला येतो. बाहेरून आयात होणारा गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात जहाजाने येतो. दाभोळ आणि दहेज इथे त्याची टर्मिनलं आहेत. मुंबईत महानगर गॅस आणि पुण्यात एमएनजीएल (महाराष्ट्र नॅचरल गॅस) या कंपन्या तो घरोघर पोहोचवतात. मात्र इमारतीपर्यंत लाइन आली असेल तरच जोडणी मिळते, त्यामुळे अर्जाआधी सोसायटीत चौकशी करा. भाड्याचं घर असेल तर मालकाचं संमतिपत्र घ्या. शेगडी नीट चालेपर्यंत सिलिंडर परत करण्याची घाई नको.

जुनी शेगडी चालते, पण जेट बदलावे लागतात. नॉबच्या पुढे, बर्नरच्या नळीच्या तोंडाशी असलेला पितळी, बारीक भोकाचा तुकडा म्हणजे जेट. तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनमधून सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी उष्णता मिळते, शिवाय घरात दाबही कमी असतो, साधारण २१ मिलिबार. म्हणून भोक मोठं लागतं. जुन्याच जेटवर ज्योत मिणमिणती राहते. उलट, बदललेल्या शेगडीला पुन्हा सिलिंडर जोडला तर पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्वाळा उसळतात. सुई घालून भोक मोठं करणं हा शुद्ध वेडेपणा. गॅस कंपनीच्या माणसाकडूनच जेट बदलून घ्या. ज्योत निळी, स्थिर हवी. पिवळी टोकं दिसली तर आधी बर्नरची भोकं साफ करा, मग हवेची झडप तपासून घ्या.

मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात, लाल आकडे दशांश. १४.२ किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता साधारण १६ ते १८ घनमीटर गॅसमधून मिळते. पहिल्या बिलाची तुलना यावरून करा. गळतीचा संशय असेल तर व्हॉल्व्ह चालू ठेवून सगळे नॉब बंद करा, लाल आकडे लिहून ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा. आकडा सरकला तर गळती आहे. न सरकला तरी जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहाच, कारण बारीक गळती मीटर पटकन दाखवत नाही. काडी पेटवून कधीही तपासू नका.

सगळ्यात दगा देणारा प्रसंग म्हणजे दुरुस्तीसाठी पुरवठा थांबणं. दुधाखालची ज्योत विझते आणि नॉब उघडाच राहतो. तासाभराने गॅस परत येतो आणि न पेटता घरात पसरू लागतो. म्हणून पुरवठा गेला की आधी सगळे नॉब बंद, मग शेगडीजवळचा व्हॉल्व्ह. रात्री आणि गावाला जाताना मीटरजवळचा व्हॉल्व्हही बंद करावा.

मिथेनला स्वतःचा वास नसतो. येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर ठिणगी पुरते. म्हणून वास आला की व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, वरच्या लहान खिडक्याही. एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबू नका आणि चालू दिवा बंदही करू नका. दोन्हींत ठिणगी पडते. घराबाहेर पडा, मग बिलावरच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.