द्रव नायट्रोजनची टाकी लिफ्टने नेताना

१८० लिटरच्या टाकीत नुसता द्रव नायट्रोजनच सुमारे १४५ किलो भरतो, टाकीचं वजन वेगळं. त्यामुळे ती कलायला लागली तर सावरायला जाऊ नका, सरळ बाजूला व्हा. दोघांनी मिळून न्या, ओढत नव्हे, ढकलत. चाक हमखास अडकतं ते लिफ्टच्या दारातल्या फटीत. तिथे आधी जाड पत्रा टाका.

लिफ्टमध्ये मात्र टाकीसोबत कुणीही जायचं नाही. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, त्याला ना रंग ना वास. लिफ्ट मध्येच बंद पडली तर आतला ऑक्सिजन घटत जातो आणि माणसाला कळतही नाही. एकाने टाकी आत ढकलून बटण दाबून बाहेर यावं, दुसऱ्याने वर थांबावं. मधल्या मजल्यावर कुणी शिरू नये म्हणून टाकीपुढे ठसठशीत पाटी लावा. किल्लीवर चालणारी लिफ्ट असेल तर उत्तमच.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून अधूनमधून फुस्स आवाज येतो, तो यायलाच हवा. तिथे चिंधी कोंबणारे महाभाग असतात, त्यांना लांब ठेवा. हातमोजे सैल, चटकन झटकता येतील असे; पँट बुटांच्या बाहेर.